विहिरीत पेट्रोल-डिझेल उतरलं का, हे तपासायचं कसं

पेट्रोल पंपाजवळच्या विहिरीच्या पाण्याला वास येतो. कुणीतरी रिकाम्या पाण्याच्या बाटलीत नमुना भरून तालुक्याला देतं, आठवड्याभरात 'दोष आढळला नाही' असा कागद येतो आणि विषय मिटतो. असा कागद बहुतेक वेळा काहीच सांगत नाही. पेट्रोलमधले घातक घटक उडून जाणारे असतात. उघड्या विहिरीच्या पृष्ठभागावरून ते हवेत जातात, बादली ओतताना जातात, अर्धवट भरलेल्या बाटलीतल्या मोकळ्या जागेत जातात. प्रयोगशाळेत पोचतं ते उरलेलं पाणी. त्यात बहुतेक वेळा चाचणीही भलतीच सांगितलेली असते.

जलसुरक्षकाकडच्या फील्ड टेस्ट किटने हे काम होत नाही. ती किट नायट्रेट, फ्लोराइड, क्षार, लोह अशा गोष्टी दाखवते, पेट्रोल नाही. नाकावरही विसंबू नका. पिण्याच्या पाण्यात बेंझिन लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य आहे. पाण्यात नुसत्या बेंझिनचा वास कळायला मात्र साधारण १० मिलिग्रॅम लागतात, म्हणजे हजारपट. वास आला तर दूषण आहे असं धरून चाला, पण वास नाही म्हणून पाणी चांगलं असं समजू नका.

पायरी १ : आधी नकाशा आणि पातळ्या

बाटल्या मागवायच्या आधी संशयित जागेभोवती चारपाचशे मीटरच्या टप्प्यातली प्रत्येक विहीर, बोअर आणि हापशी कागदावर उतरवा. जागा म्हणजे पेट्रोल पंप, डिझेलची टाकी, जुनं गॅरेज किंवा टँकर उलटलेलं वळण. प्रत्येक विहिरीसमोर खोली, बांधकाम, मोटार कुठवर सोडली आहे, पाणी कशाला वापरतात आणि विहिरीत आडवे बोअर मारलेत का, हे लिहा. आडव्या बोअरचा रकाना लोक हमखास विसरतात. पंपाच्या दिशेने मारलेला एक आडवा बोअर शेजारच्या तीन विहिरी सोडून नेमक्या याच विहिरीत पेट्रोल आणू शकतो.

त्यानंतर भूजल कोणत्या बाजूला वाहतं ते ठरवा. त्यासाठी एका ओळीत नसलेल्या किमान तीन विहिरींच्या पातळ्या लागतात. नुसती कठड्यापासून पाण्यापर्यंतची खोली पुरत नाही, कारण कठडे उंचसखल असतात. ऑटो लेव्हलने (सर्वेक्षणात उंची मोजायची दुर्बीण) प्रत्येक कठड्यावरच्या एका खुणेची उंची काढा आणि त्यातून खोली वजा करा. उदाहरणार्थ, पहिल्या विहिरीची खूण १०१.२० मीटर आणि पाणी ९.८० मीटरवर, तर पाण्याची उंची ९१.४० मीटर. दुसरीची खूण ९९.६० आणि पाणी ८.७५ वर, तर ९०.८५. दुसरीचं पाणी हाताला जवळ आहे, तरी प्रवाह पहिलीकडून दुसरीकडे आहे. मोबाइलच्या जीपीएसची उंची इथे वापरू नका. तिची चूक काही मीटरची असते आणि आपण मोजतोय तो फरक अर्ध्या मीटरचा.

पश्चिम विदर्भात खाली काळा पाषाण आहे. पाणी मुरमातून आणि खडकाच्या सांध्यांतून चालतं, सगळीकडून सारखं नाही. म्हणून काढलेली दिशा हा अंदाज समजा आणि उताराच्या बाजूची एकच विहीर न निवडता दोन-तीन निवडा. एक विहीर पंपाच्या वरच्या अंगाची हवीच. ती नसेल तर सापडलेलं दूषण पंपाचं की आणखी कुणाचं, हे सांगता येणार नाही. पूर्णेच्या खोऱ्यातल्या गाळाच्या पट्ट्यात पाणी त्यामानाने सरळ चालतं, पण खारपाण पट्ट्यात क्षार मुळातच जास्त असल्यामुळे पाण्याच्या चवीवरून काही ठरवता येत नाही.

⚠ पातळ्या सगळ्या विहिरींच्या एकाच दिवशी, ओलित बंद असताना मोजा. शेतीची लाईन यायच्या तासाभर आधीची वेळ उत्तम, कारण तोवर मोटारी बऱ्याच वेळ बंद असतात आणि पाणी स्थिरावलेलं असतं. पण त्याच वेळी स्टार्टरवरच्या ऑटो स्विचचा धोका असतो. लाईन आली की मोटार आपोआप सुरू होते आणि टेप किंवा दोर ओढला जातो. आधी किटकॅट (फ्यूज) काढून खिशात ठेवा, मगच विहिरीत काही सोडा.

पायरी २ : घरचं तेल वगळा

पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला की पंपावर बोट जातं. आधी दोन गोष्टी तपासा.

तवंगाला काडीने डिवचा. लोहजीवाणूंचा पापुद्रा असेल तर तो काचेसारखा तुकड्यांत फुटतो आणि तुकडे वेगळेच राहतात. तेल असेल तर फट लगेच भरून येते.

तेलच आहे असं दिसलं तर विहिरीच्या काठावरचं डिझेल इंजिन, त्याच्या खालची चिकट माती, मोटारीच्या बेअरिंगचं तेल, दोराला लावलेलं ग्रीस हे सगळं बघा. इंजिनच्या तेलाने झालेला तवंग खूप आढळतो आणि त्याचा पंपाशी काही संबंध नसतो. पंपचालक सहकार्य करत असेल तर टाकीच्या रोजच्या डिप रॉडच्या नोंदी आणि विक्री यांचा मेळ मागा. एकाच टाकीत सातत्याने घट दिसत असेल तर तपास तिथूनच सुरू होतो.

पायरी ३ : सामान

प्रत्येक विहिरीमागे:

- ४० मिलिलिटरच्या गडद काचेच्या ३ कुप्या, झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या (बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन, झायलीन म्हणजे बीटेक्ससाठी आणि पेट्रोलच्या हलक्या अंशासाठी)
- १ लिटरची गडद काचेची बाटली (डिझेलच्या जड अंशासाठी)
- एकदाच वापरायचा बेलर (दोराने सोडून पाणी वर काढायची लांब नळी) आणि नवा नायलॉन दोर
- नायट्राइल हातमोजे, किमान दोन जोड

शिवाय बर्फाची पेटी, झिप पिशव्या, पीएच व विद्युतवाहकता मापक, विरघळलेल्या प्राणवायूचा मापक, टेप, १५ लिटरची बादली आणि बॉलपेन. कुप्या प्रयोगशाळेकडूनच घ्या. बाजारातल्या औषधाच्या बाटल्या धुऊन वापरू नका.

प्रयोगशाळेने शुद्ध पाण्याने भरून सीलबंद दिलेली एक कुपी पेटीत ठेवा. ती जाताना-येताना उघडायची नाही. तिच्यात बेंझिन निघालं तर ते विहिरीतून नाही, प्रवासातून आलेलं आहे.

⚠ जाताना वाटेत गाडीत पेट्रोल भरू नका, आदल्या दिवशी भरा. डिकीत पेट्रोलची कॅन आणि कुप्या एकत्र नकोत. लेबलं परमनंट मार्करने लिहू नका, अनेक मार्करच्या शाईत टोल्युइन किंवा झायलीन असतं आणि आपण तेच शोधतोय. जनरेटर लावावाच लागला तर वाऱ्याच्या खालच्या बाजूला, लांब ठेवा.

पायरी ४ : पाण्यावर तेलाचा थर आहे का

विहिरीवर पोचल्यावर पहिलं काम हेच. उपसा केल्यानंतर थर मोजण्यात अर्थ नाही.

तेल-पाणी ओळखणारा इंटरफेस प्रोब मिळाला तर उत्तम. नसेल तर पंपावर टाकीच्या तळाचं पाणी ओळखायला वापरतात ती वॉटर फाइंडिंग पेस्ट चालते. टेपच्या खालच्या टोकाला पाण्याची पेस्ट आणि तिच्या बाजूने वरपर्यंत पेट्रोलची पेस्ट लावा. टेप हळू सोडा, थोडा वेळ थांबा, वर काढा. दोन्ही रंग जिथून बदलले त्यातलं अंतर म्हणजे तेलाची जाडी. पारदर्शक बेलर पृष्ठभागावर अलगद टेकवून वर काढला तर थर डोळ्यांनीही दिसतो.

तेल असेल तर पाण्याची मोजलेली पातळी खरी नसते, कारण वरचं तेल पाण्याला खाली दाबतं. तेल ११.२० मीटरवर आणि पाणी ११.६० वर लागलं, तर जाडी ०.४० मीटर. पेट्रोलची सापेक्ष घनता सुमारे ०.७५ धरून पाण्याची दुरुस्त खोली ११.६० − (०.४० × ०.७५) = ११.३० मीटर. दिशा काढताना हा आकडा घ्या.

मोजता येण्याएवढा थर असेल तर त्या विहिरीतून पाण्याचा नमुना घेऊ नका. बेलर थरातून जाताना माखतो आणि आलेला आकडा विरघळलेल्या दूषणाचा राहत नाही. थराची जाडी नोंदवा, तेलाचा छोटा नमुना वेगळ्या कुपीत, वेगळ्या पेटीत पाठवा. ते पेट्रोल, डिझेल की इंजिन ऑइल, हे त्यावरून कळतं.

⚠ विहिरीत कुणीही उतरायचं नाही, झरा दाखवायलासुद्धा नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीनचार पट जड असते, ती तळाशी साचते आणि तिथला प्राणवायू कमी होतो. काठावर बिडी, लायटर, वेल्डिंग बंद. बाटलीला नाक लावून हुंगण्याची सवय असेल तर सोडा.

पायरी ५ : उपसा

क्रम ठरलेला आहे. सर्वांत स्वच्छ वाटणारी विहीर आधी, संशयित विहीर शेवटी.

बोअर. नळीत साचून राहिलेलं पाणी काढून खडकातलं ताजं पाणी आणायचं असतं. साडेसहा इंची बोअरमध्ये मीटरमागे सुमारे २१ लिटर पाणी मावतं. बोअर ६० मीटरचा आणि पाणी १५ मीटरवर असेल तर स्तंभ ४५ मीटरचा, म्हणजे अंदाजे ९६० लिटर. तिप्पट उपसा म्हणजे २,९०० लिटरच्या आसपास. १५ लिटरची बादली साडेसात सेकंदांत भरत असेल तर प्रवाह सेकंदाला २ लिटर आणि उपशाला लागतील २४ मिनिटं. नुसत्या घड्याळावर जाऊ नका. दर ५ मिनिटांनी पीएच, विद्युतवाहकता आणि प्राणवायू मोजा. लागोपाठ तीन नोंदींत पीएच ०.१ च्या आत, वाहकता ३ टक्क्यांच्या आत आणि प्राणवायू १० टक्क्यांच्या आत राहिला की पाणी स्थिरावलं.

बोअरचा आकडा वाचताना एक लक्षात ठेवा. १८ मीटरच्या सांध्यातून दूषित पाणी येत असेल आणि ५० मीटरच्या सांध्यातून भरपूर स्वच्छ, तर तोंडाशी मिळतं ते मिश्रण. बोअर 'निल' आला म्हणून शेजारची विहीर स्वच्छ ठरत नाही.

विहीर. ४ मीटर व्यासाच्या विहिरीत मीटरमागे साडेबारा हजार लिटर पाणी असतं, तिप्पट उपसा शक्यच नाही. शेतकऱ्याच्या ओलिताचाच उपयोग करा. त्याने मोटार चालवून पाणी खाली नेलं की रात्रभरात झऱ्यांनी आलेलं ताजं पाणी सकाळी लवकर घ्या. पृष्ठभागाखाली साधारण अर्धा ते एक मीटर, शक्य तर झऱ्याच्या अंगाला. वजन बांधलेली, खोलीवर गेल्यावर बूच उघडणारी काचेची बाटली यासाठी बेलरपेक्षा बरी. पाणी खूप दिवस न उपसलेल्या विहिरीतून नमुना घ्यावाच लागला तर नोंदीत तसं स्पष्ट लिहा.

खास निरीक्षण नळी. पंपाच्या आवारात नळी बसवायची असेल तर २ इंची पीव्हीसी, आट्यांची जोडणी. सोल्युशन लावून चिकटवू नका, त्यातले द्रावक अहवालात उगवतात. फटी मे महिन्यातल्या सर्वांत खोल पातळीच्या खालपासून ऑक्टोबरच्या सर्वांत वरच्या पातळीच्या वरपर्यंत हव्यात. फटी कायम पाण्याखाली राहिल्या तर तरंगणारं तेल नळीत शिरतच नाही आणि वर्षानुवर्षं 'थर नाही' अशी नोंद होत राहते.

पायरी ६ : कुपी भरणं

इथे घाई झाली तर आधीची सगळी मेहनत वाया.

१. नवे हातमोजे घाला. बीटेक्सच्या कुप्या सगळ्यात आधी, लिटरची बाटली नंतर.

२. बोअरला व्हॉल्व्ह दाबून धार पेन्सिलीपेक्षा बारीक करा. टाकीच्या नळातून, रबरी पाइपातून किंवा ठिबकच्या नळीतून नमुना घ्यायचा नाही. बेलर असेल तर खालच्या तोटीतून सोडा, वरून ओतू नका.

३. कुपी तिरकी धरा. पाणी काचेच्या कडेवरून सरकत उतरू द्या. ४० मिलिलिटरची कुपी भरायला पंचवीसेक सेकंद लागले पाहिजेत. पाण्याचा खळखळाट ऐकू आला तर बेंझिन उडतंय.

४. तोंडाशी पाणी फुगवटा धरून उभं राहीपर्यंत भरा, पण सांडू देऊ नका, नमुना टिकावा म्हणून कुपीत आधीच टाकलेलं आम्ल वाहून जातं. झाकण लावा, टेफ्लॉनची बाजू पाण्याकडे.

५. कुपी उलटी करा, बोटाने टिचकी मारा, उजेडाकडे धरून बघा. वाटाण्याएवढा किंवा मोठा बुडबुडा दिसला तर ती कुपी बाद. उघडून भर घालू नका, नवी घ्या.

आपल्याकडची एक खास अडचण अशी की विदर्भातलं पुष्कळ पाणी जड असतं. आम्ल टाकलेल्या कुपीत असं पाणी पडलं की फसफसतं, बारीक बुडबुडे येतात आणि त्यांच्यासोबत बेंझिनही निघून जातं. म्हणून आधी एक जादा कुपी भरून पाहा. फसफसली तर त्या विहिरीसाठी बिनआम्लाच्या कुप्या वापरा आणि लेबलवर तसं लिहा. आम्ल असेल तर नमुना १४ दिवस टिकतो, नसेल तर ७ दिवसांत तपासणी व्हायला हवी.

✔ तपासा : प्रत्येक दहा नमुन्यांमागे एका विहिरीचे दुहेरी नमुने, वेगळ्या नावाने. दोन्ही आकडे फार वेगळे आले तर भरण्यात गोंधळ आहे.

पायरी ७ : बर्फ आणि प्रवास

४ अंश सेल्सिअसच्या आसपास, पण गोठू न देता. लादी फोडून झिप पिशव्यांत भरा म्हणजे वितळलेल्या पाण्यात लेबलं भिजत नाहीत. मे महिन्यात दुपारी एसटीच्या टपावर पेटी ठेवली तर संध्याकाळपर्यंत बर्फ उरत नाही. पहाटे नमुने घ्या, दुपारपर्यंत पोचवा. सोबतच्या कागदावर विहीर, तारीख, वेळ, कुणी घेतला, कुणाच्या हाती दिला, आम्ल होतं का, एवढं हवंच.

पायरी ८ : प्रयोगशाळेला काय सांगायचं

'तेल आणि ग्रीस' ही चाचणी मागू नका. तिच्यात द्रावक उडवून उरलेलं तेल तोलतात. पेट्रोलचे हलके घटक द्रावकासोबतच उडतात आणि ही पद्धत मिलिग्रॅममध्येच बोलते. लेखी मागा:

- बीटेक्स आणि नॅफ्थलीन, गॅस क्रोमॅटोग्राफने, बेंझिनची शोधमर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम किंवा कमी
- एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, हलका आणि जड अंश वेगवेगळा (साधारण सी-६ ते सी-१० आणि त्यापुढचा सी-२८ पर्यंत; आकडा म्हणजे रेणूतले कार्बन अणू)
- नायट्रेट, सल्फेट आणि विरघळलेलं लोह

शेवटची ओळ अनावश्यक खर्च वाटते, पण ती ठेवा. जीवाणू हायड्रोकार्बन खाताना आधी प्राणवायू, मग नायट्रेट वापरतात, पुढे लोह पाण्यात उतरतं. आपल्या शिवारात युरिया आणि शेणखतामुळे नायट्रेट बऱ्याच विहिरींत असतंच. सगळ्या विहिरींत ते भरपूर आणि पंपाच्या उतारावरच्या एका विहिरीत जवळजवळ शून्य, लोह मात्र वाढलेलं, तर बेंझिन कमी दिसलं तरी संशय सोडू नका. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये जीवाणू आधी इथेनॉल संपवतात, त्यामुळे बेंझिन अधिक लांबवर जाऊ शकतं.

पायरी ९ : आकडे वाचणं

एकक पाहा. मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम यांत हजारपट फरक आहे. 'आढळलं नाही' याच्या शेजारी शोधमर्यादा काय लिहिली आहे ते पाहा. मर्यादा ५० मायक्रोग्रॅम असेल तर बेंझिनबाबत तो शेरा निरर्थक आहे. जागतिक आरोग्य संघटनेची बाकीची मार्गदर्शक मूल्यं अशी : टोल्युइन ७००, इथाइलबेंझिन ३००, झायलीन ५०० मायक्रोग्रॅम प्रतिलिटर.

सगळ्यांत मोठी फसगत ऋतूंची होते. उन्हाळ्यात पाणी खाली जातं तेव्हा मुरमात अडकलेलं तेल सुटून खाली येतं आणि विहिरीत थर जाड दिसतो. पावसाळ्यानंतर पाणी चढतं, तेच तेल खडकाच्या फटींत पाण्याखाली कोंडलं जातं आणि थर नाहीसा होतो. ऑक्टोबरात 'तेल गेलं' म्हणून निरीक्षण बंद करणारे पुढच्या मे महिन्यात पुन्हा तिथेच येतात. त्यामुळे मेची तुलना मेशी आणि ऑक्टोबरची ऑक्टोबरशीच करा. वर्षातून चार फेऱ्या ठेवा : जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. पहिल्या वर्षी जुलैची एक जादा फेरी घ्या, कारण काळ्या मातीच्या उन्हाळी भेगांतून पहिल्या पावसाचं पाणी साठलेलं दूषण थेट खाली नेतं. किमान दोन पूर्ण वर्षांच्या नोंदीशिवाय कल वाढता की उतरता, हे सांगू नका.

दूषण निघालं तर

पिणं आणि स्वयंपाक त्याच दिवशी थांबवा, गुरांनाही दुसरं पाणी द्या. तुरटी आणि ब्लीचिंग पावडरने हायड्रोकार्बन जात नाहीत. पाणी उकळण्याच्या भानगडीत पडू नका, वाफ बंद स्वयंपाकघरात पसरते.

ग्रामपंचायतीच्या ठरावासह महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला कळवा. पंपाच्या भूमिगत टाक्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संस्थेच्या परवान्याखाली असतात, तिचं मुख्यालय नागपुरातच आहे. तक्रारीची प्रत तिकडेही द्या. मंडळाचे अधिकारी १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ खाली आपला नमुना घेतात. तुमचा अहवाल त्याची जागा घेत नाही, पण नमुना कुठून आणि कोणत्या महिन्यात घ्यावा हे तुमच्याच नोंदींवरून सांगता येतं.

आणि घाईघाईने शेजारी नवा खोल बोअर पाडू नका. गावाचा पहिला उपाय हाच असतो. वीस-तीस फुटांचं केसिंग टाकून, बाहेरची पोकळी न बुजवता पाडलेला बोअर वरच्या मुरमातलं दूषण खालच्या सांध्यांपर्यंत नेतो, आणि मोटार सुरू झाली की ते ओढूनही घेतो. बोअर घ्यावाच लागला तर पंपाच्या वरच्या अंगाला, लांब घ्या. केसिंग मुरूम ओलांडून घट्ट पाषाणात बसवा आणि त्याच्या बाहेरची पोकळी सिमेंट आणि बेंटोनाइटने (पाण्यात फुगणारी चिकणमाती) तळापासून वरपर्यंत भरून घ्या.